झुंबर जास्वंदीचा क्रॉस: बी ते पहिलं फूल

दोन जास्वंदींचा घरीच क्रॉस (म्हणजे संकर) करून वाढवलेल्या रोपांपैकी ३ नंबरच्या रोपाला आज सकाळी पहिलं फूल उमललं. बी रुजत घातलं होतं फेब्रुवारी २०२४ मध्ये, आता जुलै २०२५ संपत आला. १७ महिने वाट पाहिली.

आई पिवळी, मरून डोळ्याची हायब्रिड. बाप झुंबर जास्वंद, म्हणजे हिबिस्कस शायझोपेटॅलस. मूळची केनिया-टांझानियाकडची. लांब देठाला उलटं लोंबणारं फूल आणि झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्या, हे तिचं वैशिष्ट्य. या जोडीचं रोप मला पुण्यात कुठल्याच नर्सरीत मिळालं नाही, म्हणून घरीच करायचं ठरवलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये १८ क्रॉस केले. एप्रिल-मेच्या उन्हात माझ्याकडे आजवर एकही बोंड टिकलेलं नाही, त्यामुळे मी दिवाळीनंतरच हे काम काढते. पराग सुटायला सकाळचे नऊ-साडेनऊ होतात. तेव्हा झुंबराचं फूल खुडून आणायचं आणि त्याचे परागकोश आईच्या पाचही कुक्षींवर हलकेच टेकवायचे. कुक्षी म्हणजे फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या मखमलीच्या इवल्या टिकल्याच. त्यांवर पिवळे दाणे चिकटलेले डोळ्यांना दिसले पाहिजेत. मग देठाला दोरा बांधून तारीख लिहायची. १८ पैकी १६ चार-सहा दिवसांत पिवळी पडून गळली. दोन बोंडं धरली. (जास्वंद भेंडी-कापसाच्याच कुळातली, तेव्हा बोंडच म्हणायचं.) पिकायला दोन महिने लागले. बोंड तपकिरी व्हायच्या आत त्याला मलमलीची पिशवी बांधा, तडकलं की बिया सांडतात.

११ बिया मिळाल्या. पुण्यातली जानेवारीची थंडी टाळून फेब्रुवारीच्या शेवटी काढल्या. टोकदार बाजू सोडून जाड बाजूला नेलकटरने टवका काढला, आतलं पांढरं जेमतेम दिसेल इतकाच. चार तास कोमट पाण्यात, मग ओल्या टिश्यूत, डबा बंद. पाचव्या दिवशी पहिला मोड आला. एकूण ७ रुजल्या.

त्यातल्या एकीच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकून बसलं होतं आणि पानं आतच आवळली होती. ओढलं असतं तर मान मोडली असती. दर तासाला ड्रॉपरने एक थेंब पाणी सोडत राहिले, संध्याकाळी टरफल मऊ झाल्यावर चिमट्याने सोडवलं. तेच आजचं ३ नंबर.

नंतर तीन रोपं गेली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं ठेवलं आणि खोड मातीलगत काळं पडून बसलं. तेव्हापासून पेरलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) निम्मं घालते आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देत नाही. उरलेल्या चारांत कुठलीही दोन सारखी नाहीत: १ नंबरची पानं आईसारखी रुंद, चकचकीत, ३ नंबरची अरुंद, दातेरी, फांद्या बारीक आणि वाकणाऱ्या. खत फॉस्फरस कमी, पोटॅश जास्त असलेलं. बोनमील (हाडांचा चुरा, त्यात फॉस्फरस भरपूर) जास्वंदीला नकोच, हे माझं ठाम मत आहे.

मे महिन्यात ३ नंबरची पहिली कळी वाटाण्याएवढी होऊन गळली. उघडून पाहिली तर आत थ्रिप्स, म्हणजे इवले फुलकिडे. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. निमतेल दर आठवड्याला संध्याकाळी फवारलं, पाऊस सुरू झाला आणि जूनच्या शेवटी पुन्हा कळी धरली.

आता फूल. देठ १० सेंटीमीटर, खाली झुकलेला, पण झुंबरासारखा पूर्ण उलटा नाही. रंग पोवळ्याचा, शिरा फिक्या पिवळ्या. मरून डोळा आलेला नाही, तिथे नुसती गुलाबी धग आहे. पाकळ्या झुंबरासारख्या पूर्ण फाटलेल्या नाहीत, कडा मात्र बोटभर आतपर्यंत कातरलेल्या. आणि केसरदांडा! पाकळ्यांच्या बाहेर लांब लोंबतोय, वाऱ्यावर हलतोय. सकाळपासून चार वेळा गच्चीवर जाऊन आले.

रोप स्वतःच्या मुळांवर नाजूक आहे, म्हणून पाऊस थोडा ओसरला की देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर (मुळांसकटच्या बुंध्यावर) याच्या फांदीचं पाचर कलम बांधणार, दोन तरी. परत आईशी क्रॉस करायचा नोव्हेंबरात. परागकोश आज साडेनऊला फुटले, दाणे भरपूर दिसले. ते जिवंत आहेत का हे बोंड धरलं तरच कळेल. १ नंबरला अजून कळी नाही.