पेरॉक्सिझोमच्या पडद्यातलं एबीसीडी१

फॅट जळतं म्हटलं की सगळे मायटोकॉन्ड्रियाचंच नाव घेतात, पण २२ पेक्षा जास्त कार्बनवाली लांबलचक फॅटी ॲसिड्स तिथे जळत नाहीत, ती आधी पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या कप्प्यात जाऊन आखूड व्हावी लागतात. तिथे आत न्यायचं काम एबीसीडी१ हे प्रोटीन करतं.

मला हे प्रोटीन जाम आवडतं. एक रेणू म्हणजे अर्धाच ट्रान्सपोर्टर, दोन जोडीने पडद्यात बसले की मगच वाट तयार होते, फॅटी ॲसिड कोएन्झाइम ए या मदतनीस रेणूला चिकटून येतं, मग बाहेरच्या बाजूला एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) बसलं की दोन्ही अर्धे तिथे जवळ येतात आणि वाट पेरॉक्सिझोमच्या आत उघडते. अरॅबिडॉप्सिस या झाडातला याचा भाऊबंद तर आत नेताना कोएन्झाइम ए तोडूनच टाकतो आणि ते आत परत जोडावं लागतं! तो बिघडला तर बी मधलं तेल वापरताच येत नाही, बाहेरून साखर दिल्याशिवाय रोप वाढत नाही.

माणसात एबीसीडी१ बिघडलं तर ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी हा आजार होतो. १९९३ मध्ये याचा जीन सापडेपर्यंत संशय एन्झाइमवर होता, निघाला ट्रान्सपोर्टर. २६ कार्बनवालं फॅटी ॲसिड साठत जातं, ॲड्रिनल (किडनीवरची ग्रंथी) आणि मेंदूचा पांढरा भाग खराब होतो. जीन एक्स क्रोमोसोमवर, त्यामुळे मुलग्यांना जास्त त्रास, पण बायकांनाही पुढे पाय कडक होणं वगैरे होतं. मेंदूतला आजार सुरुवातीला कळला तरच बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा उपयोग होतो, म्हणून लहान मुलग्याला ॲडिसन (ॲड्रिनल ग्रंथी नीट काम न करणं) निघालं की या लांबलचक फॅटी ॲसिड्सची रक्ततपासणी करून घ्याच, प्लीज.