१८५८ ठेव, बाकीची काढ

जूनमधली अमावास्या. बोत्स्वानातल्या ग्वेटा गावाच्या दक्षिणेला, मकगडिकगडीच्या खारपटांजवळ, मी एका गोरखचिंचेसमोर ट्रायपॉड लावून उभी होते. मुंबई-वसईकडे दिसते तीच जात. हिला ग्रीन्स बाओबाब म्हणतात.

इथे जूनमध्ये मध्यरात्री आकाशगंगेचा गाभा जवळजवळ डोक्यावर येतो, झाडासोबत चौकटीत मावतच नाही. म्हणून तो आग्नेयेला चढत असतानाच काम उरकायचं. टॉर्च फिरवून झाड ‘रंगवणं’ मला कधीच पटलं नाही, दोन फ्रेम सारख्या येत नाहीत. मी दोन छोटे एलईडी पॅनेल स्टँडवर लावते, इतके मंद की डोळ्यांना उजेड जेमतेम कळावा, आणि एक्स्पोजरचे पंधराही सेकंद ते चालू ठेवते. समोरून खोड सपाट दिसत होतं. एक पॅनेल बाजूला नेलं, उजेड सालीला घासून जाईल असं.

फ्रेम स्क्रीनवर आली आणि खोडभर अक्षरं उभी राहिली. ग्रीनच्या मोहिमेने कोरलेलं १८५८ साल दिवसा पाहिलं होतं. त्याच्याभोवती इतकी नावं असतील असं वाटलं नव्हतं. वाटाड्या स्क्रीनवर वाकला, बराच वेळ बघत राहिला. “म्मा, हा फोटो मला पाठवा,” एवढंच म्हणाला. ‘म्मा’ म्हणजे इथलं आदराचं ‘बाई’.

काम देणाऱ्या सहल कंपनीचा निरोप आला: १८५८ ठेव, बाकीची काढ.

मी ती नावं फोटोतून काढली, संगणकावर. तीन तास लागले. ही साल तुकतुकीत, हत्तीच्या कातड्यासारखी वळ्यावळ्यांची. एकीकडचा तुकडा दुसरीकडे बसवला की वळी तुटते. काम सफाईदार झालं, आणि तेच मला खुपतं. ग्रीनही चाकू घेऊन आलेला प्रवासीच होता. त्याच्या ओरखड्याला इतिहास म्हणायचं आणि परवाच्या पोराच्या ओरखड्याला घाण, हे कंपनीने ठरवलं आणि मी हात चालवला.

जवळचीच चॅपमनची गोरखचिंच ७ जानेवारी २०१६ला कोसळली. २०१८च्या एका अभ्यासानुसार आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या १३ गोरखचिंचांपैकी ९ जणी २००५नंतर पूर्ण किंवा अंशतः मेल्या. उद्या हीही पडली तर मागे फोटोच उरणार, आणि छापला गेला तो माझा पुसलेला.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली न बदललेली, माझ्याकडे आहे. वाटाड्याला कोणता फोटो पाठवायचा याचा प्रश्नच नाही. पण छापील प्रत त्याने पाहिली असेल तर सोबत काय लिहू, ते सुचत नाही. पाकीट तीन आठवडे टेबलावर पडून आहे.