ऑक्टोबरचा उकाडा आणि मिरचीचे बी

ऑक्टोबरच्या उकाड्याबद्दल चार शब्द चांगले बोलणारा माणूस नवी मुंबईत सापडणे कठीण. पण ज्याला गॅलरीतल्या कुंडीत बियांपासून तिखट मिरची वाढवायची आहे, त्याने या उकाड्याला नावे ठेवू नयेत. मिरचीचे बी रुजायला २५ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब लागते. थंड देशांतली हौशी मंडळी त्यासाठी ट्रेखाली विजेवर तापणारी चटई अंथरतात. आपल्याकडे ती ऊब फुकट आणि नको इतकी मिळते.

बियांसाठीही लांब जावे लागत नाही. वाशीच्या मसाला मार्केटमधून वर्षाच्या मसाल्यासाठी आणलेल्या मिरच्यांतल्या दोन-चार बाजूला काढल्या तरी भागते. मात्र वाळवणाचे कडक ऊन सोसून सगळेच बी जिवंत राहिलेले नसते, आणि मूळ मिरची संकरित असेल तर रोप तिच्यावर जाईलच असे नाही. लवंगीचे बी आठवडा-दोन आठवड्यांत वर येते. ज्या भूत जोलोकियाला गिनेस बुकाने २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवले, ती मात्र तीन-चार आठवडेही ढिम्म बसून राहते, आणि बी मेले असे समजून पुष्कळ जण नेमकी याच सुमारास माती उपसून टाकतात. त्याहून घातक म्हणजे काळजीपोटी घातलेले जास्तीचे पाणी. माती सतत चिंब राहिली की बुरशी लागते आणि कालपर्यंत ताठ असलेले कोंब बुडाशी कुजून आडवे होतात.

इतके सांभाळून आलेल्या फळाचे तिखट असते कुठे? बियांत, असे घरोघरी मानले जाते. प्रत्यक्षात मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन हे द्रव्य तयार होते ते बिया ज्या पांढुरक्या गराला चिकटलेल्या असतात त्यात. बियांना ते नुसते माखते. ही तजवीज सस्तन प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी असावी, कारण त्यांच्या दाढांखाली बी भरडले जाते. पक्ष्यांना तिखट जाणवत नाही आणि बी त्यांच्या पोटातून धड बाहेर पडते. म्हणूनच लालबुंद लवंगी बुलबुल खुशाल गिळतो. ज्यांना हटवायचे त्या आपणच मिरची जगभर पेरत सुटलो, ही गंमत त्या झाडाच्या हिशेबात नसावी.

पुढच्या हंगामासाठी बी धरायचे असेल, तर शेजारच्या कुंडीतल्या भोपळी मिरचीची आठवण ठेवावी. तिचे पराग लागले म्हणून यंदाची लवंगी मवाळ होत नाही. फरक पडतो तो त्या बियांतून उगवणाऱ्या रोपांत. तेव्हा फुले उमलण्याआधीच एका फांदीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा आणि फांदी अधूनमधून हलकेच हलवावी. मिरचीचे फूल स्वतःच्या परागांवरही फळते.