फुंकणी

१२ डिसेंबर, रात्री साडेनऊ

आज आईची वेणी मी घातली. ती नको म्हणाली नाही, आणि तिथेच मला गलबलून आलं. पहाटे उठून, आरशात न बघता, दोन मिनिटांत अंबाडा बांधणारी बाई. आता दोन्ही हात डोक्यावर नेले की तिला धाप लागते. हात वर गेले की खांद्याचे नि मानेचे स्नायू त्या कामाला लागतात, आणि तिला श्वास घ्यायला तेच स्नायू हवे असतात. हे मला परवा कळलं.

आठवत गेले तशी एकेक गोष्ट सुचत गेली. आधी तिने वरच्या शिवारातलं रान सोडलं, लांब पडतं म्हणून. मग विहिरीवरचं धुणं. गेल्या नवरात्रात डोंगरावरच्या देवीची ओटी तिने वहिनीच्या हाती धाडली. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं आणि आम्हाला ते पटायचंही. वय झालं की आता! सकाळचा खोकला तर इतक्या वर्षांचा की कुणाचं लक्षही जायचं नाही. आईला झालाय तो सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असाच येतो. माणूस धापेच्या बेताने काम कमी करत जातो, आणि कामच कमी झालं की धाप कुणाला दिसत नाही.

आधीच्या दवाखान्यात तिला एकच विचारलं होतं: विडी ओढता का? नाही म्हटल्यावर खोकल्याचं औषध आणि कॅप्सूल हातात. कऱ्हाडच्या छातीच्या डॉक्टरांनी मात्र बसल्या बसल्या विचारलं, "मावशी, चुलीपुढं किती वर्षं गेली?" आईने बोटं मोजली. अकराव्या वर्षी भाकरी थापायला बसली, आज अडुसष्ट. आमच्या पाटणच्या पावसात सरपण चार महिने ओलंच. बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात कौलाखाली धुराचा थर लोंबकळत असायचा, आणि त्याच्याखाली डोळे पुसत ती फुंकणीने जाळ करायची. मी तिच्या पाठीला टेकून अभ्यास करायचे.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं होतं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १ अब्ज, तर लाकूड, शेणी, काटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३ अब्ज, असा त्यांचा अंदाज होता. काल रात्री हे वाचलं आणि झोप उडाली. २००९ मध्ये आई बावन्न वर्षांची होती. तेव्हा कुणी विचारलं असतं तर?

तपासणी म्हणजे एका नळीत जोर लावून फुंकायचं. छातीतली सगळी हवा बाहेर काढायची आणि पहिल्या सेकंदात तिच्यातली किती निघाली ते मशीन मोजतं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तर वाट अरुंद झालेली आहे. आईचं आलं ०.५२. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नळ्या सुजून आकसल्यात, हवेच्या फुग्यांच्या भिंती विरल्यात, त्यांचा ताण गेलाय. म्हणून हवा आत जाते पण पुरती बाहेर येत नाही. शिळी हवा साठून राहते, मग ताज्या हवेला जागा कुठली? आईला वाटतं श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण श्वास सोडताना आहे. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला तो स्पष्टपणा बरा वाटला.

मग डॉक्टरांनी ते विचारलं, ज्याने मला अजून चैन नाही. "आधी दिलेल्या कॅप्सूल कशा घेत होता?" आई म्हणाली, "पाण्यासंगं." यंत्रातून श्वासाबरोबर ओढून घ्यायच्या कॅप्सूल ती सात महिने गिळत होती. यंत्र डब्यात तसंच, कोरं. देणाऱ्याने दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दर महिन्याला औषध आणून देत होते ना मी, स्वतःच्या हाताने!

आता रोज सकाळी मी व्हिडिओ कॉलवर बसते. कॅप्सूल यंत्रात घालायची, टोचायची, आधी सगळा श्वास सोडायचा, मग तोंडात धरून खोल ओढायचा. आत कॅप्सूल थरथरल्याचा आवाज आला पाहिजे. मग दहा आकडे दम धरायचा. तोंड कोरडं पडतं म्हणून ती तक्रार करते. ते औषधाने होतं, घोटभर पाणी पी म्हणून सांगते.

फिजिओथेरपिस्ट मुलगी वीस-बावीसची असेल. तिने आईला ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. नाकाने दोन आकडे आत, चंबूतून चार आकडे बाहेर. आईला जमेना. मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "आजी, फुंकणी धरलीय समजा, पण जाळ भडकू द्यायचा नाही, नुसता जागा ठेवायचा." आईचे ओठ आपोआप त्या आकारात आले. पहिल्याच खेपेला! खांदे खाली उतरले, मानेच्या शिरा सैल पडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

घरात बाकी बदल केलेत. अंघोळीला बसायला स्टूल. पोट गच्च भरलं की छाती अडते, म्हणून अर्धी अर्धी भाकरी चार वेळा. अंगणात रोज दहा मिनिटं चालणं, कारण धापेला भिऊन बसून राहिलं की पायांची ताकद जाते आणि धाप आणखी वाढते. फ्लूची लस झाली, न्यूमोनियाची पुढच्या महिन्यात. बेडका पिवळा-हिरवा झाला, वाढला, किंवा धाप नेहमीपेक्षा जास्त वाटली तर त्याच दिवशी फोन करायचा. उद्यावर ढकलायचं नाही. साखर कारखाने सुरू आहेत, शिवारात उसाचं पाचट पेटतंय. त्या संध्याकाळी दारं लावून घ्यायची.

चुलीचं मात्र सुटलेलं नाही. सिलिंडर आहे, पण तो चहापुरता. सरपण फुकट आणि गॅसचे पैसे पडतात, त्यात वहिनीचा काय दोष? पाणी तापवायची चूल परसात नेली, भाकरीची आतच आहे. आज मी निघताना वहिनी तव्यावर भाकरी टाकत होती, पदर नाकाला लावून. दोनदा खोकली. आई ओट्यावर बसून ऐकत होती. माझा हात धरून हळूच म्हणाली, "पुढच्या बारीला हिलाबी संगं घे. त्या मशिनीत फुंकू दे एकदा."

सोमवारची वेळ घेतली आहे, दोघींची.