तुम्ही विचारलंत म्हणून: आधी भीती की आधी धडधड?

मी सायकॉलॉजी शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोणीतरी विचारतंच, "मॅडम, घाबरलो म्हणून छाती धडधडते, की छाती धडधडते म्हणून आपण घाबरतो?" विचारतात हसतहसत, पण बऱ्याच जणांना ते स्वतःसाठीच हवं असतं असं मला वाटतं, म्हणून एकदा नीटच लिहिते.

धडधड आधी, हे म्हणणं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचं. १८८४ साली त्याने लिहिलं की अस्वल दिसलं की शरीर आधी हलतं, आणि शरीरातला तो बदल जाणवणं हीच भीती. कार्ल लँग नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८५ मध्ये साधारण तेच मांडलं म्हणून पुस्तकात दोघांचं नाव जोडून येतं. पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं, पण जेम्सचा मुद्दा करून बघा. तुम्ही शेवटचे कधी सॉलिड घाबरला होतात ते आठवा आणि त्यातून घशाची कोरड काढा, पोटातला गोळा काढा, गार पडलेले हात काढा. मग उरतं काय? "परिस्थिती धोक्याची आहे" एवढं एक कोरडं वाक्य. त्याला भीती म्हणायला जीभ रेटत नाही ना? मला तर आजही हा मुद्दा खोडता येत नाही.

वॉल्टर कॅननने १९२७ मध्ये मात्र जेम्सवर जोरदार टीका केली. कॅनन शरीरशास्त्राचा माणूस, त्यामुळे त्याचे आक्षेप ठोस होते. पोटातले अवयव हळू चालतात, भावना त्याआधीच येऊन गेलेली असते. राग, भीती, ताप, थंडी, सगळ्यात शरीरातले बदल बरेचसे सारखेच, मग राग कुठला आणि भीती कुठली हे कळणार कसं? शिवाय ज्या मांजरांच्या शरीरातले हे बदल घडवणाऱ्या नसा काढून टाकल्या होत्या तीही कुत्रा भुंकला की फिसकारायचीच. त्याचं म्हणणं, मेंदूतूनच एका वेळी दोन्ही निघतं, भावनाही आणि धडधडही.

मग १९६२ चा शॅक्टर आणि सिंगर यांचा प्रयोग, जो वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची मुलंही मोबाईल खाली ठेवतात. मिनेसोटा विद्यापीठातले १८४ विद्यार्थी, सगळे मुलगे. व्हिटॅमिनचं इंजेक्शन आहे, नजरेवर परिणाम बघायचाय असं सांगून बऱ्याच जणांना अॅड्रेनॅलिन, म्हणजे छाती धडधडवणारं औषध, दिलं. काहींना खरं सांगितलं की हात थरथरतील, छाती धडधडेल, काहींना काहीच सांगितलं नाही. मग खोलीत प्रयोग करणाऱ्यांचाच एक माणूस विद्यार्थी म्हणून बसवला. एका खोलीत तो कागदाची विमानं उडवतोय, हुला हूप फिरवतोय, दुसऱ्या खोलीत एक भयंकर प्रश्नावली भरताना संतापतोय. ती प्रश्नावली खरंच डोकं फिरवणारी होती, शेवटच्या प्रश्नात विचारलं होतं की वडील सोडून तुमच्या आईचे किती पुरुषांशी संबंध होते, आणि सगळ्यात कमी पर्याय होता "४ किंवा त्याहून कमी"! कल्पना अशी की धडधडीचं कारण ज्याला माहीत नाही तो ते आजूबाजूला शोधेल, आणि जे सापडेल ती त्याची भावना होईल.

हा प्रयोग पुस्तकांत फार छान छान करून सांगतात, आणि ते मला पटत नाही. आकडे तेवढे स्वच्छ नव्हते. रागाच्या खोलीतल्या मुलांनीही स्वतःचा मूड एकंदर चांगला आहे असंच लिहिलं होतं! आणि १९७९ मध्ये एकीकडे मास्लाक आणि दुसरीकडे मार्शल व झिम्बार्डो यांनी असे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा असं दिसलं की कारण न कळलेली धडधड माणसाला हवी तशी वळवता येत नाही, ती बहुतेक वेळा अस्वस्थच करते. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेली प्रचंड भीती, आलेल्या कोणालाही विचारा, ते हेच सांगतील.

मला स्वतःला रिचर्ड लॅझारस हा मानसशास्त्रज्ञ जास्त पटतो. त्याने साठच्या दशकात लोकांना कारखान्यातल्या अपघातांची फिल्म दाखवली, काहींना आधीच सांगितलं की हे सगळे नट आहेत, कोणाला काही लागलेलं नाही, आणि त्यांच्या शरीरातला ताण कमी भरला. फिल्म तीच बरं का! म्हणजे अर्थ काय लावला त्यावर खुद्द शरीरही बदलतं. तेव्हा माझं उत्तर असं की आधी कोण हा प्रश्नच सरळ रेषेतला नाही, धडधडीला आपण अर्थ देतो आणि तो अर्थ धडधड वाढवतो किंवा कमी करतो, आणि हे गोल गोल फिरत राहतं.

डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिक नेमकं असंच समजावलं. जिना चढून छाती धडधडली, डोक्यात आलं "हार्ट अटॅक येतोय", त्या विचाराने धडधड वाढली, मग तर खात्रीच पटली, आणि काही मिनिटांत माणूस रिक्षा करून कॅज्युअल्टीत. तिथे ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, काही नाही, मनाचे खेळ आहेत. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो धडधड खरी होती, घाम खरा होता! चुकला तो फक्त अर्थ, आणि तो बदलता येतो. ट्रेनिंग घेतलेले थेरपिस्ट मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, म्हणजे तीच धडधड येते, वाढते, आपोआप उतरते आणि तुम्ही ते स्वतः बघता. डॉक्टरांनी हृदय ठीक आहे असं सांगितलं असेल आणि तरी हे पुन्हा पुन्हा होत असेल तर अशा थेरपिस्टकडे जा, यावर इलाज आहे आणि तो चांगला लागू पडतो. आणि घरात कोणाला होत असेल तर त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.