चुन्याची रेघ, पिवळी पट्टी

रविवार, रात्री साडेअकरा, हॉस्टेल

आज परत ड्रोन पाडलं. ऊन चढायच्या आत उडवून घेऊ म्हणून घाईघाईत कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याला दिशा नीट ओळखायला लावणं, मी मैदानातल्या स्टेजच्या काँक्रीटवर केलं. आत लोखंडी सळया आहेत, त्या कंपासला फसवतील, हे डोक्यातच आलं नाही. स्टॅबिलाइज मोडमध्ये, म्हणजे जागा मी हातानं सांभाळत असताना, शहाण्यासारखं वर गेलं. लॉइटरला, म्हणजे आपोआप एका जागी थांबायच्या मोडला टाकलं आणि घिरट्या सुरू. आधी लहान, मग मोठ्या. जीपीएसला आपण कुठे आहोत ते बरोबर कळत होतं, पण तोंड कुठे आहे ते कंपास चुकीचं सांगत होता. मग ते जागेवर यायला म्हणून भलतीकडे जातं, आणि ती चूक सुधारायला आणखी भलतीकडे. मी मोड बदलेपर्यंत बाभळीत. मोटर धरणारा एक आर्म तुटला, दोन प्रोपेलर गेले. बॅटरी वाचली, नाहीतर या महिन्याला वडापाववरच राहावं लागलं असतं.

संध्याकाळी मेमरी कार्डातला उड्डाणाचा लॉग उघडला. चूक माझी, हे आलेखात सरळ दिसतं. भांडायलाही जागा नाही.

आमचं ड्रोन 1.4 किलोचं, म्हणजे 2021 च्या नियमांत ‘मायक्रो’: 250 ग्रॅमच्या वर, 2 किलोपर्यंत. संशोधनासाठी कॉलेजच्या स्वतःच्या आवारात, हिरव्या झोनमध्ये, म्हणजे आधी परवानगी लागत नाही अशा भागात, उडवायला लायसन्स लागत नाही. आमचं मैदान हिरव्यात येतं हे नशीब. लोहगाव विमानतळाजवळ राहणारी मैत्रीण म्हणते, आमच्याकडे चिमण्यांनीही परवानगी काढावी.

मी या नादाला लागले ती गावठाणाच्या मोजणीमुळे. स्वामित्व या गावातल्या घरांच्या मालकीचे नकाशे करायच्या सरकारी योजनेत ड्रोन येणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी घराघराच्या हद्दीवर चुना टाकायचा होता, वरून फोटोत रेघ दिसावी म्हणून. आमच्या नि शेजारच्या घरामध्ये तीन फुटांचा बोळ आहे. चुना त्यांच्या बाजूने पडला तर बोळ आमचा, आमच्या बाजूने पडला तर त्यांचा. दुपारभर भांडण चाललं. पहाटे आजीनं केरसुणीनं रेघ पुसली, शेजारच्या काकूंनी परत ओढली. मोजणीवाले आले तेव्हा बोळात नुसता पांढरा चिखल. त्यांनी दोन्ही घरांना समोर बसवून भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरली, बोळ सामाईक ठरवला आणि मगच ड्रोन सोडलं. आजी फोटोत यावं म्हणून नेमकी मध्ये उभी. सगळं गाव माना वर करून बघत होतं, नि मी त्या माणसाच्या हातातल्या रिमोटकडे. 1:500 च्या नकाशात आजी काही दिसली नाही. बोळ दिसला.

बारावीनंतर ड्रोनचं शिकायचं म्हटल्यावर मामानं विचारलं, ‘म्हणजे लग्नाचं शूटिंग?’ अजूनही विचारतो.

खरी पंचाईत झाली या दिवाळीत. आमची दोन एकर द्राक्षबाग, तासगाव तालुक्यात. शेजारच्या गावातली एक ड्रोन दीदी आमच्या शिवारात उसावर फवारायला आली होती. बचतगटातली ताई, दहावी पास, 15 दिवसांचं ट्रेनिंग घेतलेली. डोक्याच्या वर गेलेल्या उसात माणूस शिरत नाही. तिनं दहा लिटरची टाकी भरून चहा निवायच्या आत एकर उरकला. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ती दहावीवर उडवती, आन् तू चार वर्सं काय करतीस?’ ताई हसली. मला उत्तर सुचलं नाही. उडवणं वेगळं नि बनवणं वेगळं, हे आजीला सांगून बघितलं. ‘मग तू बनव, ती उडवंल,’ म्हणून तिनं विषय मिटवला.

मी ताईला म्हटलं, आमच्या बागेवर दोन ओळी मारून दाखवा की. अण्णा लगेच, ‘वरनं पाऊस पाडून काय करायचं? डाऊनीची बुरशी पानाच्या खालनं शिरती.’ मला राग आला. चार वर्षं शिकतेय ते काय उगाच? कॉलेजातून आणलेल्या पिवळ्या पट्ट्या होत्या माझ्याकडे. पाण्याचा थेंब पडला की तेवढा ठिपका निळा होतो. मांडवाखाली वाकून वाकून पंधरा पानांना पट्ट्या स्टेपल केल्या, एक वर, एक खाली. ताईनं टाकीत नुसतं पाणी भरून दोन ओळी मारल्या.

वरच्या पट्ट्या निळ्याभोर. खालच्या पिवळ्या त्या पिवळ्याच. दोन-चारांवर कडेला ठिपके, ते पण पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं तिथे.

अण्णांनी एक पट्टी उचलली, उजेडाला धरली, खिशात टाकली. ‘बघ, म्हटलं नव्हतं का,’ असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ते उलटलेलं पान डोक्यात आहे. रोटरचा खाली येणारा वारा पान हलवतो. किती उंचीवरून, किती वेगानं गेलं तर मांडवातलं पान उलटेल आणि थेंब तोवर तिथे पोचेल? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच घेतलाय. सर म्हणाले, ऊस घे, सोपं जाईल. ऊस सोपाच आहे, म्हणून तर नको. उत्तर ‘जमत नाही’ असं आलं तरी ते लिहून द्यायची माझी तयारी आहे. सरांची आहे का, विचारलेलं नाही.

मघाशी अण्णांचा फोन आला. आर्म तुटल्याचं सांगितलं नाही. पाऊस-पाणी, आजीचा गुडघा, सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाले, ‘त्या पिवळ्या पट्ट्या उरल्यात का गं? येताना आण. आपल्या फवारणीच्या ब्लोअरचं औषध तरी खाली जातंय का, एकदा बघू.’

एकवीस उरल्यात. पाकिटात घालून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.