बशी आधी उलटी करा : स्टोक-ऑन-ट्रेंटची भटकंती

लंडनच्या युस्टनहून गाडी पकडली की दीडेक तासात इंग्लिश चिनीमातीच्या भांड्यांचं गाव, स्टोक-ऑन-ट्रेंट, येतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर जोसाया वेजवूडचा पुतळा, हातात पोर्टलँड व्हास (प्राचीन रोमन फुलदाणीची त्याने केलेली प्रतिकृती) घेतलेला. स्टेशनासमोर कुंभाराचा पुतळा उभारणारं गाव मला तिथेच आवडलं.

जुन्या इंग्लिश क्रॉकरीचा नाद असेल, तर दुकानांत शिरण्याआधी लाँगटनला जावं, असं माझं ठाम मत आहे. गाडीने एकच स्टेशन. तिथल्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. एके काळी या परिसरात अशा सुमारे २००० भट्ट्या धूर ओकत होत्या. धुराला आळा घालणाऱ्या १९५६च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर त्या विझत गेल्या. आता पन्नासही उरलेल्या नाहीत. भट्टीच्या पोटात शिरून बघता येतं. धूर आणि ज्वाळा थेट लागू नयेत म्हणून भांडी सॅगर नावाच्या जाडजूड मातीच्या डब्यांत ठेवायची आणि ते डबे एकावर एक रचायचे. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावलेल्या बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीच्याच चिमुकल्या तिपाया. ती तिपाई तिथे पाहिली आणि जुन्या बशांच्या पाठीवरचे ते तीन-तीन बारीक व्रण कुठून येतात ते कळलं.

मातीत मिसळायच्या गारगोटीच्या धुळीने कामगारांची फुप्फुसं जायची आणि ग्लेझच्या शिशाने अंगात विष भिनायचं. संग्रह करणाऱ्याने हे बघायलाच हवं.

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, ती हाडाची असते ना गं? घरात आणू नकोस हं!" तिचं खोटं नाही. बोन चायनात जवळपास निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड या भांडी बनवणाऱ्या कारखान्याने हे मिश्रण इथेच पक्कं केलं. उजेडासमोर धरलं की मागच्या बोटांची सावली दिसते, ते बोन चायना. पण मला हवी होती ती स्पोडचीच निळी छापील बशी साध्या अर्दनवेअरची, म्हणजे बिनहाडाची. आई निवांत झाली!

दुसऱ्या दिवशी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात 'इंडियन स्पोर्टिंग' मालिकेतल्या दोन बशा समोर आल्या. साधारण १८१५ची ही मालिका. बंगालमध्ये नोकरी केलेल्या कॅप्टन विल्यमसनच्या शिकारीच्या पुस्तकातून तिची चित्रं घेतलेली. जेवणाच्या बशीवर अस्वलाची शिकार. आपल्याकडचं रान स्टोकच्या मातीवर निळं होऊन उतरलेलं पाहताना मला फार वेळ हलवेना.

चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, त्यात तेलात खललेला रंग भरायचा, पातळ कागदावर छाप उचलायचा. तो कागद बायका बशीवर ब्रशने घासून बसवत आणि मग पाण्याने धुऊन काढत. काठाच्या वेलबुट्टीच्या पट्ट्या वेगळ्या कापलेल्या असत, त्यामुळे दोन टोकं जुळतात तिथे नक्षी किंचित चुकते. एका बशीवर अर्धं पान दुसऱ्या अर्ध्या पानावर चढलं होतं. पाठीवर तीन व्रण, निळसर झाक असलेलं ग्लेझ, छापलेलं 'स्पोड'. 'इंग्लंड' हा शब्द कुठेही नव्हता. अमेरिकेत १८९१पासून लागू झालेल्या आयात कायद्यानंतर तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, म्हणून तो शब्द दिसला की वस्तू सहसा त्यानंतरची धरायची.

दुसरी बशी अगदी नव्यासारखी, बिनतड्याची, आणि किंमत दुपटीहून जास्त. मी जोड चुकलेली घेतली. कुणा बाईचा हात तिच्यावर दिसतो. तिच्यात जेवायचं मात्र नाही, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं. भिंतीवरही टांगणार नाही. स्टँडवर ठेवणार, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला उलटी करून दाखवता येईल.